मठपती सरांची वेस

मठपती सर दुकानात आले की आधी काच बघायचे. माझ्याकडं नाही, केलेल्या कामाकडं नाही, काचेकडं. काच उजेडाकडं तिरकी धरायची, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचं, "अक्का, हिच्यात हिरवं आहे." काचेत हिरवं असतंच, काचच ती. पण मी दुसरी काढून द्यायची. तीही तिरकी, तीही हिरवी. तिसरीला ते मान हलवायचे. तिसरी म्हणजे पहिलीच असायची, मी नुसती पुसून परत दिलेली. पंधरा-वीस वर्षं मी त्यांना असं फसवलं, आणि पंधरा-वीस वर्षं त्यांना ते कळत होतं असं आता वाटतं.

उमरग्यात हायवेच्या अंगाला माझं फोटोफ्रेमचं दुकान आहे. आमचे मालक होते तोवर त्यांचं, ते गेल्यावर माझं. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक दोन प्रकारचं, देवाचं आणि मेलेल्याचं. देवाला सोनेरी पट्टी, मेलेल्याला काळी. मधूनच कुणाचं तरी सत्काराचं सन्मानपत्र येतं. सर पहिल्यांदा आले ते जलरंगातलं एक चित्र घेऊन. एक दगडी इमारत, पुढं लाकडी आडणा, कडेला लिंबाचं झाड. करोडगिरीचा नाका. निजामाच्या राज्यात मालावर जकात घ्यायचे ती जागा. मी सवयीनं विचारलं, "सोनेरी लावू का काळी?" सर म्हणाले, "काळी लावा. मागच्या महिन्यात गेला." तिथं आता ढाबा आहे.

सर शाळेत चित्रकला शिकवायचे. मी ओळखायला लागले तेव्हा निवृत्तीला आले होते, बायको आधीच गेलेली. अंगानं काटकुळे, पांढरा शर्ट, पांढरा पायजमा. गळ्यातल्या इष्टलिंगाच्या दोऱ्यात चष्म्याची दोरी कायम गुंतलेली असायची आणि दर वेळी ती सोडवताना ते पुटपुटत. शर्टाच्या उजव्या बाहीचं टोक रंगानं माखलेलं, कारण ब्रश पुसायचा तो तिथंच. बाही बघून मला कळायचं स्वारी कुठं जाऊन आली. तांबूस असली तर येरमाळ्याकडच्या डोंगरात, काळपट असली तर आपल्याच शिवारात. येरमाळ्याचे डोंगर त्यांनी पवनचक्क्या यायच्या आधी काढले, रिकामे. ते चित्र बघून एकानं विचारलं होतं, "सर, हे कुठलं गाव हो?" तो येरमाळ्याचाच होता.

त्यांची गाडी म्हणजे जुनी एम-एटी. मागं गोडेतेलाचा रिकामा डबा बांधलेला, तो बसायला. हँडलला काळी छत्री, पिशवीत पाण्याची बाटली. आमच्याकडं उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, आणि हा माणूस पाण्यानं चित्रं काढतो याचं बायकांना फार नवल वाटायचं. सर अर्ध्या फुलपात्रात अख्खं देऊळ उरकत. उरलेलं पाणी झाडाच्या बुडात ओतत. झाड नसलं तर बाटलीत परत.

त्यांचे नियम कडक होते. समोर बसूनच काढायचं. फोटोवरनं नाही, आठवणीतनं तर अजिबात नाही. आठवण लबाड असते म्हणायचे. पुढं येऊन उभं राहणाऱ्याला सांगायचे, "सरका जरा, भिंत दिसू द्या." चित्र झालं की मागं पेन्सिलीनं गावाचं नाव, वेळ, आणि खाली एक शब्द लिहायचा, इद्दंग. सरांच्या घरची बोली कानडी, आमच्या सीमेवरच्या पुष्कळ घरांसारखी. इद्दंग म्हणजे आहे तसं. मागचा पुठ्ठा मीच लावायची, त्यामुळं हा शब्द जगात मी सगळ्यांत जास्त वेळा वाचला असेल.

एकदा तालुक्याला त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. एका गढीच्या चित्रात बुरुजाच्या पुढ्यात चांगला हातभर उकिरडा काढलेला, वर दोन डुकरं. एक मोठे साहेब आले, चित्रापुढं बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, मास्तर, फार सुंदर, एवढा उकिरडा तेवढा काढून टाका, मी माझ्या दालनात लावतो. सर म्हणाले, "साहेब, तुम्ही खरा काढा, मी चित्रातला काढतो." साहेब हसले, पण चित्र काही दालनात गेलं नाही. गाडीत फ्रेमा भरताना सरांनी मला एक कानडी म्हण ऐकवली. इद्दद्दू इद्दंग हेळिद्र, एद्दु बंदु एदिगे ओद्द. आहे ते आहे तसं सांगितलं, तर उठून आला आणि छातीत लाथ घातली. ही म्हण सांगताना ते इतके खूश होते की लाथ म्हणजे जणू बक्षीसच.

मला मात्र त्यांच्या या इद्दंगचा कधीकधी संताप यायचा. हायवे चार पदरी करायचा ठरला तेव्हा दोन्ही कडेची वडा-चिंचेची झाडं जायची होती. वर फांद्या एकमेकींत गुंतलेल्या, भर उन्हाळ्यात खाली सावली. सरांनी डबा उचलला आणि रस्त्याला जाऊन बसले. तोडणारे मागनं यायचे, सर एक झाड पुढं. तोडणाऱ्यांचा मुकादम परप्रांतातला होता. चार दिवसांत त्याला सवय लागली. झाडाशी येऊन विचारायचा, "मास्टरजी, हो गया?" सर म्हणायचे दहा मिनिटं. मग सर मान हलवायचे आणि करवत सुरू व्हायची. मी एसटीतनं हे डोळ्यांनी बघितलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना झाडलं. म्हटलं, अहो, तुम्ही मान हलवताय आणि ते तोडताहेत, तुम्हीच तोडायला लावताय असं दिसतं. आडवं पडायचं सोडून रंगवत काय बसलाय? सर चिडले नाहीत. म्हणाले, "अक्का, मी मान न्हाय हलवली तर झाड वाचत न्हाय. तो मला दहा मिनिटं देतो. ती झाडालाच मिळतात." मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. पण त्या झाडांची एकशेसोळा चित्रं आहेत, आणि तिथल्या सावलीची आठवण काढायची झाली तर मला ती चित्रंच आठवतात.

आता वेशीचं सांगते.

सरांचं गाव चिंचकोटा, इथनं अर्ध्या तासावर. गावाला दगडी वेस होती, दोन बाजूंना बुरूज, मधे कमान, दाराची एकच फळी उरलेली. वेशीबाहेर डाव्या हाताला आड. उसाच्या ट्रॉल्या वेशीत अडकायला लागल्या, तेव्हा गावानं ती पाडली. पाडायच्या आधीच्या हिवाळ्यात सरांनी तिचं चित्र काढलं. त्यांच्या सगळ्या चित्रांत तेच उजवं. बुरुजाच्या सांधीतलं गवतसुद्धा वाऱ्यानं कुठं कललंय ते कळत होतं. आणि आडाच्या खाली, वेशीच्या तोंडाशी, ऊन पडलेलं. काय ऊन होतं ते! जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत, कागद तसाच कोरा ठेवतात. तेवढी वीतभर जागा सरांनी कोरी सोडली होती आणि त्या कोरेपणानं अख्खी वेस उजळलेली. सरांच्या परवानगीनं मी ते चित्र दुकानाच्या दर्शनी काचेत लावलं. ट्रकवालेसुद्धा थांबून बघायचे. आईबापाचे फोटो घेऊन आलेली माणसं डोळे पुसत त्या उन्हाकडं बघत बसायची. माझं दुकान त्या उन्हावर चाललं म्हटलं तरी चालेल.

मग गावाच्या मनानं घेतलं की वेस परत बांधायची. सिमेंटची, पण हुबेहूब जुन्यासारखी. पुढाकार दौलतरावांचा. ते माजी सरपंच आणि सरांचे शाळेतले सोबती. बांधणाऱ्यानं माझ्या दुकानात येऊन चित्राचे फोटो नेले आणि त्यावरनं कमान उठली. उद्घाटनाच्या दिवशी मूळ चित्र ग्रामपंचायतीत लावायचं आणि सरांचा सत्कार करायचा असं ठरलं. मी सरांना इतकं आनंदात कधी बघितलं नव्हतं. एवढी वर्षं जे जाईल ते ते काढत बसलेला माणूस, आणि त्याच्या कागदावरनं एक तरी गोष्ट माघारी येत होती. काळी पट्टी काढून सोनेरी लावा म्हणाले. नवा शर्ट शिवला, आणि बाही मळेल म्हणून घडी घालूनच ठेवला.

कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी सर दुकानात बसले होते. सोनेरी पट्टी लावून झालेली, काच पुसून झालेली, चित्र काउंटरवर. तेवढ्यात गयाबाई आल्या. वय पंच्याहत्तरच्या पुढं, सासर चिंचकोट्याचं, आता इथं लेकीकडं राहतात. लेक दवाखान्यात नर्स आहे. मालकांचा फोटो मोठा करून फ्रेम करायला घेऊन आल्या होत्या. पिशवीतनं फोटो काढता काढता त्यांची नजर चित्रावर गेली आणि त्या थांबल्या. काचेवर बोट ठेवून एकेक ओळखायला लागल्या. ही वेस, हा बुरूज, हा आड. सर कौतुकानं बघत होते. मग बोट खाली आलं, आडाच्या खाली फिरलं, परत वर गेलं, परत खाली आलं.

"सर, वेस बराबर हाय," गयाबाई म्हणाल्या. "पर म्या उभी ऱ्हायाची ती जागा कुठंय?"

मला काही कळेना. मग त्यांनीच सांगितलं. सांगताना आवाजात राग नव्हता, एखादी बाई माहेरच्या परड्याचा आकार सांगते तसं सांगितलं. आडाच्या खाली दगडाची डोण होती. त्यांच्या वस्तीतल्या लोकांना आडाला शिवायची बंदी. घागर घेऊन डोणीपाशी उभं राहायचं. गावातलं कुणी पाणी भरायला आलं आणि त्याच्या मनात आलं तर वरनं डोणीत ओतायचं, मग यांनी त्यातनं भरून घ्यायचं. कुणी आलं नाही तर उभंच. लग्न होऊन आल्यापासून थेट नळ येईपर्यंत त्या तिथं उभ्या राहिल्या होत्या. त्यांचं बोट नेमकं त्या वीतभर कोऱ्या जागेवर होतं.

मी येड्यासारखी बोलून गेले, "मावशी, ते ऊन आहे."

"व्हय," गयाबाई म्हणाल्या, "ऊन बी लई असायचं."

सरांनी चष्मा काढला, दोरी सोडवली, परत घातला. मग मला म्हणाले, फ्रेम उघडा. मी म्हटलं कशाला? म्हणाले उघडा. मी पक्कड घेतलीच नाही. मला समजलं होतं ते काय करणार आहेत. म्हटलं, सर, उद्या कार्यक्रम आहे. म्हटलं, तुमचा नियम काय आहे? समोर असल्याशिवाय काढत नाही ना तुम्ही? आता तिथं रस्ता झालाय. डोण पाडकामाच्या आधीच कधीतरी गेली असेल, तुम्ही बसलात तेव्हा नसेलच. तुम्ही दिसलं तेच काढलंत, तुमची काय चूक?

"होती," सर म्हणाले. "सकाळभर माझ्या समोर होती. एका कडेला फुटलेली. आत पाला पडलेला."

मग म्हणाले, "अक्का, आमच्या आईनं लहानपणी शिकवलं होतं, आडावर गेलं की त्या बाजूला बघायचं न्हाय. मला वाटलं मी ते सोडलं. हातानं सोडलं नव्हतं."

ज्या माणसानं साहेबाला चित्रातनं उकिरडा काढून टाकू दिला नाही, त्यानं डोण रंगवलीच नव्हती. ठरवून वगळली असती तर एक वेळ बरं होतं. तिथं ब्रश आला आणि आपोआप वळला, आणि आम्ही सगळ्यांनी त्या वळण्याला ऊन म्हटलं. मी कोणत्या तोंडानं बोलते म्हणा. मी लग्न होऊन आले तेव्हा सासरी वळचणीला एक कप वेगळा खोचलेला असायचा. तो कुणासाठी ते मी कधी विचारलं नाही, विसळायला मात्र कधी घेतला नाही.

मी खिळे उपसले. सरांनी चित्र काउंटरवर पसरलं, पिशवीतनं रंग काढले आणि गयाबाईंना म्हणाले, "मावशी, बसा. मला सांगा." मी त्यांना स्टूल दिलं. सर विचारत होते आणि त्या हातानं दाखवत होत्या. उंची किती? गुडघ्याच्या वर एवढी. लांबी? घागरी तीन बसतील एवढी. फुटलेली कड कुठली? आडाच्या अंगाची नव्हं, ह्या अंगाची, आमच्या. तळाला शेवाळ असायचं का? व्हय, पावसुळ्यात. दगड कसला? काळाच, पर कड घासून घासून गुळगुळीत झालती. सर एकेक रेघ ओढायचे आणि थांबायचे. गयाबाई मान हलवायच्या, नाहीतर बोटानं सरकवायच्या. आपल्या आठवणीवर भरवसा न ठेवणारा माणूस त्या दिवशी दुसऱ्याच्या आठवणीतनं काढत होता. सरांनी विचारलं, तुम्हाला उभं केलेलं दाखवू का? त्या म्हणाल्या नको. मला नका काढू, डोण काढा.

तासाभरात ऊन गेलं. खरं सांगते, मला रडू आलं, आणि ते गयाबाईंसाठी आलं असं म्हटलं तर खोटं होईल. इतकं सुंदर चित्र माझ्या डोळ्यांदेखत काळवंडत होतं. रंग वाळल्यावर गयाबाईंनी ते लांब धरून बघितलं, "व्हय" म्हणाल्या आणि मालकांचा फोटो कधी मिळेल ते विचारून गेल्या. सरांनी चित्र उलटं केलं. मागं इद्दंग लिहिलेलं होतं ते खोडरबरानं पुसलं आणि तिथं लिहिलं, गयाबाईंनी सांगितलं तसं.

दुसऱ्या दिवशी मी बरोबर गेले. मंडप, हलगी, फेटे, सगळं साग्रसंगीत. नवी कमान गेरूच्या रंगात रंगवलेली. सरांना शाल-नारळ दिला. टेबलावरच्या चित्रावर कापड घातलेलं होतं, ते सरांनीच ओढलं. टाळ्या पडल्या, मग पुढच्या रांगेतल्या थांबल्या, मग मागच्या. दौलतराव उठून जवळ गेले, वाकून बघितलं आणि ते कापड परत चित्रावर घातलं. माईकपासून तोंड वळवून सरांना हळू म्हणाले, "शिवा, शुभकार्यात हे कशाला उकरलंस? तवा तसं होतं. आता कोण पाळतंय?" सर म्हणाले, "पाळत न्हाय ना? मग लावा की." कुणी लावलं नाही. कमानीवरच्या फ्लेक्सवर आधीचा फोटो होता, उन्हासकट. जेवणं झाली, आणि आम्ही फ्रेम एम-एटीवर आडवी धरून माघारी आलो. सर जेवले नव्हते.

चित्र घेऊन ते गयाबाईंकडं गेले. म्हणाले, हे तुमचं, तुम्ही ठेवा. गयाबाईंनी चहा दिला आणि चित्र परत दिलं. म्हणाल्या, "मला कशाला? म्या बघितली हाय ती रोज. त्यास्नी बघू द्या."

मग सर हट्टालाच पेटले. आयुष्यात ज्यानं एक झाड वाचवायला हात आडवा केला नाही, तो चित्र बगलेत मारून ग्रामपंचायतीच्या दारात जाऊन उभा राहायला लागला. आज ग्रामसेवक साहेब नाहीत, आज ग्रामसभा आहे, आज कुलूप आहे. सर परत यायचे, परत जायचे. दुपारच्या उन्हात त्यांना तिथं ताटकळत बघून कुणी म्हणालं, बघा, आता सर डोणीपाशी उभे. मला ते आवडलं नाही. सरांना वाटेल तेव्हा घरी जाता येत होतं. सरही कुणी तसं म्हटलं की रागवायचे.

शेवटी लोक कंटाळले आणि चित्र लावलं. पण कुठं, तर ऑफिसच्या दारामागं. दार आत उघडतं, भिंतीला टेकतं, आणि दिवसभर उघडंच असतं. चित्र भिंतीवर आहे आणि दिसत नाही. दौलतरावांचं डोकं, दुसऱ्या कुणाचं नव्हे. मी तणतणले. सर म्हणाले, बिजागरी आहे ना दाराला?

तेव्हापासून आठवड्यातनं एक दिवस सर चिंचकोट्याला जायचे. ऑफिसात शिरायचे, आतून दार लावायचे आणि दाराला पाठ टेकून उभे राहायचे. आत जे असतील ते असतील. लोक म्हणायचे सर, उकडतंय. सर म्हणायचे, बघून झालं की सांगा, उघडतो. पहिल्यांदा लोक हसले, मग चिडले, मग सवयीचं झालं. चित्राकडं मात्र कुणी बघायचं नाही, सगळ्यांच्या माना फोनमध्ये. सर अर्धा तास उभे राहून दार उघडायचे आणि निघायचे. नवीन चित्र काढणं त्यांनी बंद केलं होतं. घरी जुनी चित्रं एकेक काढून त्यात आणखी कुठं कुठं ऊन सोडलंय ते भिंग लावून शोधत बसायचे. मी दोन महिने रुसून होते, माझी दर्शनी काच ओकी पडली म्हणून. ते त्यांना कळलं होतं, आणि त्यांनी समजूत काढली नाही.

सर दिवाळीनंतर गेले, झोपेतच. त्याच्या आधी महिनाभर मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्या ऑफिसातच. ग्रामपंचायतीला कसल्याशा प्रमाणपत्रांच्या फ्रेमा हव्या होत्या, मापं घ्यायला मी गेले होते. दौलतराव कामासाठी आलेले, आणखी चार-पाच जण बाकावर. खुर्चीत नव्या ग्रामसेविका मॅडम, लांबच्या जिल्ह्यातनं बदलून आलेल्या, आठवडासुद्धा झाला नव्हता. सर आले. फार वाळले होते. माझ्याकडं बघून मान हलवली, दार लोटलं, कडी घातली आणि पाठ टेकवली. खोली अंधारली, मग डोळे सरावले. बाकावरच्या माना खाली गेल्या.

मॅडमना काही माहीत नव्हतं. त्या सरांकडं बघायला लागल्या, मग सरांच्या शेजारच्या भिंतीकडं. उठून जवळ गेल्या. छान आहे म्हणाल्या. मग वाकून विचारलं, "सर, ही डोण जनावरांसाठी होती का?"

सर म्हणाले, "ह्यांना विचारा, मॅडम. ह्यांना म्हाईत हाय."

वर पंखा खडखडत होता. बाकावरचे एकमेकांकडं बघेनात. मॅडम एकेकाच्या तोंडाकडं बघत राहिल्या. मला वाटलं, आता कुणीतरी उठणार आणि सरांना बाजूला सारून दार उघडणार.

"जनावरांची वेगळी होती," दौलतराव म्हणाले. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "ही माणसांची."

आणि मग, चित्राकडं बघत, "माझी आई वतायची. वरनं. मी पदर धरून उभा असायचो."

मॅडम खाली बसल्या. दौलतराव पुढं सांगत होते, थांबत, आठवत, आणि बाकावरचा एक जण मधेच एखादं नाव सुधारत होता. बाहेर माझी एसटी हॉर्न देऊन निघून गेली. सर दाराला पाठ लावून उभे होते, आणि कुणी त्यांना दार उघडा म्हणत नव्हतं.